थोरला फंड की धाकटा?

चेन्नईहून पूनमल्ली मागे टाकून बंगळूरच्या दिशेने निघाले, की रस्त्याच्या कडेला इरुंगाट्टुकोट्टै लागते. हे नाव उच्चारताना मराठी माणसाची जीभ दोनदा अडखळते. पण इथे तयार झालेली मोटार आपल्यापैकी अनेकांच्या दारात उभी असते. ह्युंदाई कंपनी १९९६ साली भारतात आली आणि १९९८ साली तिची सँट्रो याच गावातून बाहेर पडली. तिच्यामागोमाग सुटे भाग बनवणारे लहानमोठे कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर नोकरीच्या निमित्ताने काही मराठी कुटुंबेही या बाजूला येऊन राहिली.

माझी मावसबहीण त्यांतलीच एक. तिचे यजमान इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीत, मोटारींचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनीअर आहेत. जवळच श्रीपेरुंबुदूरला त्यांनी कर्ज काढून फ्लॅट घेतला आहे. मुलगी दहावीत, मुलगा तिसरीत. यंदा दिवाळीनंतर मी चार दिवस त्यांच्याकडे गेले, तेव्हा घरात एकच विषय चालू होता. सांगलीचे वडिलोपार्जित घर विकले गेले होते आणि ताईच्या वाट्याला सहा लाख रुपये आले होते. त्यांचे करायचे काय?

भाऊजींनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. "हे बघ, हे दोन ईटीएफ. २०२४ मध्ये एकाच्या निर्देशांकाने नऊ टक्क्यांच्या आसपास दिले, दुसऱ्याच्या निर्देशांकाने पंचवीसच्या वर. यात विचार करण्यासारखे आहे तरी काय?"

ताई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "विचार करण्यासारखे काही नाही, तर तुम्ही तीन महिने कसला विचार करताय?"

भाऊजी हसले, पण गप्पही झाले. आपल्या अनेक वाचकांच्या घरी आज हीच चर्चा चालू असेल. मुदत ठेवीचे व्याज पुरत नाही आणि शेअर बाजाराची भीती वाटते. मधला मार्ग म्हणून कोणीतरी ईटीएफचे नाव सुचवते. पण ईटीएफ हा काही एकच पदार्थ नव्हे. एकाच दुकानातले, सारख्याच वेष्टनातले दोन ईटीएफ स्वभावाने अगदी वेगळे असू शकतात. ते कसे, हे भाऊजींच्या कागदावरच्या दोन फंडांवरूनच पाहू.

ईटीएफ म्हणजे नेमके काय?

म्युच्युअल फंड आपल्या परिचयाचा आहे. अनेकांचे पैसे एकत्र करून तो शेअर किंवा रोखे घेतो. ईटीएफ हाही म्युच्युअल फंडच. फरक इतकाच की त्याची युनिट्स शेअरसारखी बाजारात विकत घेता येतात आणि विकता येतात. त्यासाठी डीमॅट खाते लागते. बहुतेक ईटीएफ एखाद्या निर्देशांकाची नक्कल करतात. निर्देशांकात जे शेअर ज्या प्रमाणात असतील, तेच शेअर त्याच प्रमाणात फंडाने ठेवायचे. कोणता शेअर चांगला, कोणता वाईट, हे ठरवायला तिथे कोणी हुशार व्यवस्थापक बसलेला नसतो. त्यामुळे खर्च कमी येतो.

असा पहिला फंड १९९० साली कॅनडात टोरांटोच्या बाजारात आला. अमेरिकेत १९९३ साली आणि आपल्याकडे डिसेंबर २००१ मध्ये ही कल्पना पोहोचली. बेंचमार्क नावाच्या छोट्या म्युच्युअल फंडाने 'निफ्टी बीज' काढला, तो भारतातला पहिला ईटीएफ. त्याच घराण्यात २००३ साली 'ज्युनिअर बीज' जन्माला आला. भाऊजींच्या कागदावर हेच दोघे होते.

या फंडांचे कारभारी पुढे बदलत गेले. २०११ साली ते गोल्डमन सॅक्सकडे गेले, २०१६ साली रिलायन्सकडे आले आणि २०१९ पासून निप्पॉन इंडियाच्या नावाने चालतात. पण ज्यांच्याजवळ युनिट्स होती, त्यांची युनिट्स शाबूत राहिली. फंडातले शेअर हे कारभार पाहणाऱ्या कंपनीची मालमत्ता नसतात. ते गुंतवणूकदारांच्या वतीने विश्वस्त संस्थेच्या ताब्यात वेगळे ठेवलेले असतात. "फंडाची कंपनीच बुडाली तर?" असे ताईने विचारले होते, त्याचे हे उत्तर.

थोरल्याची रीत

निफ्टी बीज हा 'निफ्टी ५०' या निर्देशांकामागे चालतो. देशातल्या सर्वांत मोठ्या आणि भरपूर उलाढाल असलेल्या कंपन्यांतून निवडलेल्या या पन्नास. प्रवर्तकांच्या मुठीत नसलेले, बाजारात प्रत्यक्ष फिरणारे शेअर मोजायचे आणि त्यांच्या एकूण किमतीनुसार कंपनीला वजन द्यायचे, अशी याची पद्धत आहे. साहजिकच जी कंपनी मोठी, तिचा वाटा मोठा. एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक आणि रिलायन्स ही गेल्या काही वर्षांतली पहिल्या पंक्तीतली नावे. पहिल्या दहा कंपन्यांतच निम्म्याहून अधिक रक्कम असते आणि बँका व वित्तसंस्थांचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त राहत आला आहे. म्हणजे शंभर रुपये या फंडात घातले, तर ते पन्नास जणांत सारखे वाटले जात नाहीत. घरातल्या कर्त्या मंडळींच्या पानात आधी वाढले जाते.

हा थोरला भाऊ आपल्याला वाटतो तितका अनोळखी नाही. ऑगस्ट २०१५ पासून आपली भविष्य निर्वाह निधी संघटनाही नव्याने जमा होणाऱ्या रकमेचा काही भाग निफ्टी आणि सेन्सेक्सच्या ईटीएफमध्ये घालू लागली. पगारातून कापल्या जाणाऱ्या पैशांतले चार दाणे तिथे पोहोचले आहेत. अर्थात आपल्याला संघटनेने जाहीर केलेले व्याज मिळते, बाजाराचा थेट चढ-उतार आपल्या खात्यात उतरत नाही.

धाकट्याची रीत

ज्युनिअर बीज ज्या निर्देशांकामागे चालतो, त्याला पूर्वी 'निफ्टी ज्युनिअर' म्हणत. २०१५ पासून त्याचे नाव 'निफ्टी नेक्स्ट ५०' झाले. वरच्या पन्नासांच्या लगेच मागे उभ्या असलेल्या या पन्नास कंपन्या. एक ते पन्नास थोरल्याकडे, एक्कावन्न ते शंभर धाकट्याकडे. दोघांत एकही कंपनी सामायिक नसते. मार्च २०२५ च्या फेररचनेनंतर या यादीत ताज हॉटेले चालवणारी इंडियन हॉटेल्स, फेव्हिकॉलची पिडिलाइट आणि डीमार्टची अव्हेन्यू सुपरमार्ट्स होती. आणि त्याच फेरीत इरुंगाट्टुकोट्टैची ह्युंदाई मोटर इंडियाही या पन्नासांत आली. भाऊजींचा धाकट्याकडे ओढा का होता, हे आता लक्षात येईल.

या यादीत वजन बरेच समान वाटलेले असते. एखादी कंपनी सगळ्यांवर स्वार होत नाही आणि बँकांचा पगडाही थोरल्याइतका नसतो.

धाकट्याचा वर्ग शाळेतल्या नववीसारखा आहे. दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस, परीक्षा होते. जो पुढे गेला तो वरच्या वर्गात जातो. वरच्या वर्गात मागे पडलेला बहुधा खाली येऊन बसतो आणि खालून नवे येतात. सप्टेंबर २०२४ अखेरीस टाटा समूहातली ट्रेंट आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स या दोन कंपन्या वर गेल्या. म्हणजे धाकट्या फंडाला त्यांचे शेअर विकावे लागले आणि थोरल्याला घ्यावे लागले. ट्रेंटचा भाव त्याआधी चांगला वाढला होता, त्याचा फायदा धाकट्याला झाला. पुढच्या काही महिन्यांत ट्रेंट बरीच उतरली, ती झळ थोरल्याने सोसली.

पण दर वेळी असेच घडते असे नाही. नापास होऊन वरून खाली येणाऱ्यांचे ओझेही धाकट्यालाच उचलावे लागते. शिवाय जे शेअर झपाट्याने वर चढून या यादीत येतात, ते चढल्यावरच घ्यावे लागतात.

थोरल्याच्या वर्गातही कोणाला कायमचे बाक मिळालेले नाही. घोटाळा उघड झाल्यावर जानेवारी २००९ मध्ये सत्यम निफ्टीतून गेली, मार्च २०२० मध्ये येस बँक गेली. आपण एकच शेअर घेतला असता, तर ती पडझड पूर्ण आपल्या अंगावर आली असती. फंडात पन्नासांतला एक आजारी पडला, इतकेच झाले. दोन्ही फंडांचा खरा आधार हाच आहे.

चांगले वर्ष, वाईट वर्ष

भाऊजींच्या कागदावर २०२४ हे एकच वर्ष होते. मी त्यांना म्हटले, "भाऊजी, मुलगी दाखवताना नटवून दाखवतात. आपण जरा रोजच्या वेशात पाहू."

मग आम्ही मागची वर्षे पाहिली. २०१७ साली धाकटा थोरल्याच्या बराच पुढे होता. ते आकडे पाहून ज्यांनी २०१८ च्या सुरुवातीला धाकट्याकडे धाव घेतली, त्यांचे काय झाले? त्या वर्षी थोरला थोडासा का होईना वर राहिला, धाकटा खाली गेला. २०१९ साली थोरला बारा टक्क्यांच्या आसपास वाढला, धाकटा जवळजवळ जागच्या जागी उभा. दोन वर्षे शेजाऱ्याचे पैसे वाढताना पाहायचे आणि आपले तसेच. अशा वेळी धीर सुटतो आणि माणूस नेमका तेव्हाच विकून मोकळा होतो.

खरी कसोटी २००८ ची. त्या वर्षाच्या सुरुवातीला थोरल्यात घातलेल्या एक लाखाचे वर्षअखेर अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास उरले. धाकट्यात घातलेल्या लाखाचे चाळीस हजारांच्याही खाली गेले. पुढच्या वर्षी धाकटा दुपटीपेक्षा जास्त झाला, थोरला त्याच्या मागे राहिला. पण हे भाग्य कोणाचे? जो २००८ च्या डिसेंबरात पासबुक मिटून शांत बसला, त्याचे. ज्याला त्याच महिन्यात मुलीची फी भरायची होती, त्याच्या हाती साठ टक्क्यांहून मोठा खड्डाच आला.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या भीतीने निफ्टी दोन-सव्वादोन महिन्यांत अडतीस टक्के कोसळला होता. म्हणजे थोरला सोज्वळ आणि धाकटा तेवढा खोडकर, असेही समजू नये. पडतात दोघेही. धाकटा बहुधा अधिक जोराने पडतो आणि चांगल्या दिवसांत अधिक जोराने उठतो.

एकाच गेटमधून येणारा पैसा

इथपर्यंत आल्यावर मी ताईला एक कागद घ्यायला सांगितले आणि त्यावर घरातल्या मिळकतीची यादी करायला लावली. भाऊजींचा पगार. श्रीपेरुंबुदूरचा फ्लॅट. भविष्य निर्वाह निधी, मुदत ठेवी आणि काही सोने. शेवटी भाऊजी हळूच म्हणाले, "थोडे ह्युंदाईचे शेअरही आहेत."

ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाईचा शेअर बाजारात आला, तेव्हा २७,८७० कोटी रुपयांची ती विक्री तोपर्यंतची देशातली सर्वांत मोठी होती. १,९६० रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी त्याखाली उघडला आणि दिवसअखेर सात टक्क्यांच्या आसपास घसरला. २०२५ मध्ये त्याने ती किंमत ओलांडलीही. भाऊजींचे नुकसान झाले नव्हते. उलट, रोज डोळ्यांसमोर गाड्या बाहेर पडताना दिसतात म्हणून आणखी शेअर घ्यावेत, असे त्यांना वाटत होते.

मी म्हटले, "भाऊजी, तुमचा कारखाना कोणाला माल देतो? फ्लॅटचे भाव कशामुळे वाढले? आणि शेअर कोणाचे आहेत?" तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच गेटपाशी जाऊन थांबत होती.

ही भीती हवेतली नाही. श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा मोबाइल कारखाना एकेकाळी या भागाचे भूषण होता. १ नोव्हेंबर २०१४ रोजी त्याचे काम थांबले. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले आणि २०२२ साली चेन्नईजवळच्या मराईमलै नगरचा कारखाना थंडावला. आपल्याकडे तळेगावला जनरल मोटर्सचे उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले आणि कामगारांवर रस्त्यावर येण्याची वेळ आली. पुढे २०२३ साली तोच कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने केला आणि २०२५ मध्ये तिथून पुन्हा उत्पादन सुरू झाले. कारखाना पुन्हा उभा राहिला. पण मधल्या वर्षांत ज्यांचे हप्ते थकले, त्यांचे काय?

ह्युंदाई आज भक्कम आहे. तिच्याविषयी शंका घेण्याचा इथे हेतू नाही. प्रश्न कंपनी चांगली की वाईट हा नसून, एका कुटुंबाने एकाच खुंटीवर किती ओझे टांगावे, हा आहे. पगार तिथून, घराची किंमत तिथून आणि साठवणही तिथेच, हे बरे नव्हे. उद्या गाड्यांची विक्री मंदावली, तर पगारवाढ, फ्लॅट आणि शेअर तिघांनाही एकदमच ताप येईल.

म्हणून थोरला की धाकटा, या प्रश्नाचे उत्तर फंडाच्या आकड्यांत जेवढे असते, त्याहून जास्त आपल्या घरात असते. ज्याची नोकरी पक्की, निवृत्तिवेतन ठरलेले, घर स्वतःचे आणि पैशांची गरज दहा वर्षांनी लागणार, त्याला धाकट्याचे धक्के सोसतात. ज्याचा पगारच तेजी-मंदीबरोबर हलतो, त्याने साठवणीचा मुख्य भाग तरी थोरल्याकडे ठेवावा. धाकट्यात एक मोटार कंपनी आली म्हणून बिघडत नाही, ती पन्नासांतली एक आहे. शिवाय ह्युंदाईचे ८२.५ टक्के शेअर विक्रीनंतरही कोरियातल्या मूळ कंपनीकडेच राहिले. बाजारात फिरणारे शेअर थोडे, त्यामुळे निर्देशांकात तिचे वजनही बेताचे. आपल्या उद्योगावरचा विश्वास दाखवायला तेवढा वाटा पुरेसा आहे.

विकत घेताना

निवड झाली तरी घेण्याच्या काही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

खर्च पाहा. निफ्टी बीजचा वर्षाचा खर्च शंभर रुपयांमागे चार पैशांच्या आसपास येतो, ज्युनिअर बीजचा पंधरा-वीस पैशांच्या आसपास. व्यवस्थापकाने शेअर निवडायचे अशा नेहमीच्या फंडांत, दलालामार्फत घेतल्यास, हाच खर्च दीड-दोन रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पैशांचा हा फरक क्षुल्लक वाटतो, पण तो दर वर्षी कापला जातो.

भाव पाहा. ईटीएफला दोन किमती असतात. त्यातल्या शेअर्सची मिळून होणारी किंमत एक आणि बाजारात मागणीनुसार चाललेला भाव दुसरा. फंड कंपनी पहिली किंमत दिवसभर जाहीर करत असते. दोन्हींत फार अंतर असेल तर थांबावे. ज्या ईटीएफची उलाढाल थोडी, तिथे हे अंतर जास्त पडते. माझ्याच हातून एकदा सकाळी बाजार उघडताक्षणी 'मिळेल त्या भावाने' अशी ऑर्डर गेली आणि एका कमी खपाच्या ईटीएफची युनिट्स महाग पडली. तेव्हापासून मी भाव स्वतः लिहून देते आणि पहिली पंधरा-वीस मिनिटे जाऊ देते. भाजी घेतानाही आपण पहिल्याच पाटीवर पैसे टाकत नाही.

कर लक्षात ठेवा. २३ जुलै २०२४ पासूनच्या तरतुदीनुसार अशी युनिट्स वर्षभराहून अधिक ठेवून विकली, तर एका आर्थिक वर्षातल्या सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही. त्यावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. वर्षाच्या आत विकल्यास वीस टक्के. फंडाने आत ट्रेंट विकली आणि ह्युंदाई घेतली, तरी आपल्याला तेव्हा कर लागत नाही. आपण युनिट विकू तेव्हाच लागतो.

ज्यांना डीमॅट खात्याची यातायात नको, त्यांच्यासाठी हेच दोन निर्देशांक धरून चालणारे साधे इंडेक्स फंडही आहेत. तिथे दरमहा ठरावीक रक्कम बँकेतून आपोआप जाते.

ताईच्या घरचा निर्णय

शेवटी सहा लाखांची वाटणी ताईनेच केली. मुलीची बारावी दोन वर्षांवर आली आहे, तिच्या पुढच्या प्रवेशासाठी दोन लाख मुदत ठेवीत. भाऊजींची नोकरी काही महिने नसलीच तर घर चालावे म्हणून एक लाख वेगळे, तेही बँकेतच. उरलेले तीन लाख मुलाच्या शिक्षणासाठी. त्याला अजून नऊ-दहा वर्षे आहेत. त्यांतले दोन लाख थोरल्याकडे, एक लाख धाकट्याकडे. तेही एकदम नाही, दरमहा पंचवीस हजारप्रमाणे वर्षभरात. दर पाडव्याला दोघांचा हिशेब मांडायचा. धाकटा फार फुगला असेल तर थोडे काढून थोरल्यात घालायचे आणि थोरला पुढे गेला असेल तर उलट. ह्युंदाईचे आहेत ते शेअर राहू द्यायचे, नवे घ्यायचे नाहीत.

ही वाटणी प्रत्येक घराला लागू पडेलच असे नाही. पण तिच्यामागचा क्रम लागू पडतो. आधी गरज केव्हा आहे ते पाहावे, मग पगार कुठून येतो ते पाहावे आणि फंडाचे आकडे सर्वांत शेवटी. बहुतेक घरांत हा क्रम उलटा चालतो.

निघताना भाऊजी मला बसपर्यंत सोडायला आले. दुसरी पाळी सुटली होती आणि कारखान्यांच्या बसगाड्या एकामागून एक हमरस्त्याला लागत होत्या. ते म्हणाले, "धाकट्यात सगळे घातले असते, तर जास्त मिळाले असते कदाचित."

"मिळालेही असते," मी म्हटले. "पण २००८ सारखे वर्ष आले असते, तर ताईला काय सांगितले असते?"

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "सांगलीचे घर तिच्या आजोबांनी बांधले होते."

आपल्या घरीही असे काही पैसे असतील, तर या रविवारी एक कोरा कागद घ्या आणि ताईसारखी यादी करा. किती ओळी एकाच गेटपाशी जाऊन थांबतात, ते मोजा. थोरला की धाकटा, हे त्यानंतर ठरवायला फार वेळ लागणार नाही.